पगारपत्रक नसलेल्या मुलांविषयी : समाजाच्या वधू-वर सूचक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
आपल्या समाजाचे वधू-वर सूचक मंडळ, कोल्हापूर

आणि मंडळाची यादी हातात घेऊन मुलामुलींची स्थळं ठरवणाऱ्या सगळ्या काका-काकूंना, मामा-मामींना,

स.न.वि.वि.

यंदाच्या परिचय मेळाव्याचं परिपत्रक मोबाईलवर आलं तेव्हा मी भाकरी थापत होते. हात धुऊन वाचायला घेतलं आणि मुद्दा क्रमांक ४ वर थांबले. "मुलाच्या नोंदणी अर्जासोबत मागील तीन महिन्यांचे पगारपत्रक जोडणे आवश्यक. व्यवसाय असल्यास स्वतःच्या नावावर घर अथवा जमीन असल्याचा पुरावा जोडावा. अन्यथा अर्ज स्वीकारला जाणार नाही." खाली कंसात लिहिलं होतं, "मुलींच्या पालकांच्या आग्रहास्तव."

तव्यावरची भाकरी करपली. दोन दिवस मी कुणाशी काही बोलले नाही, कारण घरातल्या लग्नाच्या गोष्टी चारचौघांत काढायच्या नसतात हे आम्हांला लहानपणापासून शिकवलं गेलंय. पण याच नियमाने माझ्या भावाचं काय केलं ते मी जवळून पाहिलं आहे. तेव्हा तो नियम कागदावर नव्हता, बैठकीतल्या बोलण्यात होता. आता तुम्ही तो छापला. म्हणून भावाला विचारून हे लिहायला बसले. तो म्हणाला, "माझं नाव घालू नको ताई, बाकी सगळं लिही."

भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा. मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर चार वर्षं पुण्याजवळ चाकणला एका कंपनीत व्हीएमसीवर, म्हणजे धातूचे भाग कापणाऱ्या, भोकं पाडणाऱ्या संगणकी मशीनवर, सेटर होता. काम शिकला आणि २०१९च्या दिवाळीला परत आला. शिरोली एमआयडीसीत एका शेडचा अर्धा भाग भाड्याने घेतला आणि जुना लेथ, म्हणजे कातकामाचं मशीन, टाकला. चार महिन्यांत लॉकडाऊन लागला. तेव्हा घरात सगळ्यांना वाटलं, संपलं. पण तो टिकला. शेड बंद असताना हाताखालच्या एकुलत्या पोराला त्याने निम्मा पगार दिला, त्यासाठी स्वतःची मोटरसायकल विकली. २०२१ मध्ये बँकेकडून बारा लाखांचं कर्ज काढून वापरलेलं व्हीएमसी घेतलं. फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, पंपाच्या हाउसिंगची, बेअरिंग कॅपची कास्टिंग्ज यायची. फेसिंग, बोअरिंग, ड्रिलिंग, टॅपिंग करून परत पाठवायची. कोल्हापुरात ज्यांचं आयुष्य फाउंड्रीच्या आसपास गेलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हिशेब मी ठेवायचे. माझं बी.कॉम. झालेलं, संसार सांभाळून चार छोट्या वर्कशॉपची जमाखर्चाची कामं मी घरून करते. त्यामुळे त्याच्या धंद्याचा प्रत्येक रुपया माझ्या वहीत आहे. शेवटच्या वर्षातला एक सर्वसाधारण महिना सांगते. बिलं झाली २ लाख १० हजारांची. दोन ऑपरेटर आणि एक हेल्पर मिळून पगार ५५ हजार. शेडभाडं १४ हजार. वीजबिल २२ हजार. इन्सर्ट, ड्रिल, कूलंट, ऑइल ३५ हजार. बँकेचा हप्ता २६ हजार. टेम्पो आणि किरकोळ १२ हजार. हातात राहिले ४६ हजार. सगळे महिने असे नव्हते. एका पावसाळ्यात अठरा हजारांवर भागवावं लागलं, कारण एका मोठ्या गिऱ्हाईकाने नव्वद दिवस पैसे दिले नाहीत. छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे, पण पुढचं काम जाईल या भीतीने तो दाखवायला कुणी जात नाही. धंद्यात जोखीम असते, ती आमच्याहून जास्त कुणाला कळणार?

तर असा मुलगा. वय अठ्ठावीस, निर्व्यसनी, स्वतःच्या हिमतीवर तीन घरं चालवणारा. २०२२च्या सुरुवातीपासून आम्ही स्थळं बघायला लागलो. सव्वादोन वर्षांत एकोणीस स्थळं झाली.

एकोणीस घरांतून काय काय विचारलं गेलं ते मला पाठ आहे. "महिन्याला ठरलेले किती?" "स्वतः मशीनवर उभे राहता का?" "पुण्याला जायचा विचार नाही का?" "जोडधंदा म्हणून ठीक आहे, पण मुख्य काय?" एक गृहस्थ स्वतःहून शिरोलीला शेड बघायला आले, त्याचं मला कौतुक वाटलं होतं. भाऊ मशीनचं दार उघडून जॉब बदलत होता, हात कूलंटने ओले, बोटं काळी. त्यांनी अर्धा तास सगळं बघितलं, चहा घेतला आणि जाताना आमच्या वडिलांना, आण्णांना, म्हणाले, "पोरगा कष्टाळू आहे हो. पण आम्ही सेटल झालेला बघतोय." विवरणपत्र दाखवा, बँकेचं खातं दाखवा, कर्ज किती फेडलं ते सांगा असं एकाही घराने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी वही घेऊन बसलेच होते.

आई हळदीकुंकवाला जायची बंद झाली. "अजून जमेना का?" हा प्रश्न तिला नको होता. आण्णा जेवताना बोलायचे थांबले. मग एका रात्री भाऊ म्हणाला, "ताई, मी चाकणला परत जातो." मी म्हटलं, "ऑर्डर आहेत, हप्ते वेळेवर आहेत, अजून दीड वर्षात मशीन आपलं होतंय." तो म्हणाला, "मशीन होईल. आईचं काय?"

२०२४च्या एप्रिलमध्ये मशीन विकलं. नऊ लाख आले. बँकेचं उरलेलं कर्ज आणि देणी भागवून जवळपास काही राहिलं नाही. ज्या दिवशी न्यायला ट्रक आणि हायड्रा क्रेन आली त्या दिवशी मी शेडमध्ये होते. भावाने सकाळपासून पुसायचं कॉटन वेस्ट घेऊन ते मशीन पुसलं. विकलेलं मशीन. टेबलाच्या खाचांतला बीडाचा बारीक किस ब्रशने काढला, स्लाइडला तेल लावलं, कंट्रोल पॅनेलवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली. हायड्राने मशीन उचललं तेव्हा खाली कोब्यावर लेव्हलिंग पॅडचे गोल डाग तेवढे उरले, काळे आणि गुळगुळीत. एक ऑपरेटर गोकुळ शिरगावला दुसरीकडे कामाला लागला. दुसऱ्याला दोन महिने काम मिळालं नाही. हेल्पर गावी गेला.

चार महिन्यांत भावाचं लग्न ठरलं. पगार बत्तीस हजार. आता तो दुसऱ्याच्या कंपनीत, तशाच मशीनवर उभा राहतो. वहिनी गुणी आहे, तिच्या माहेरच्यांशी आमचं चांगलं आहे, माझा राग त्यांच्यावर नाही. त्यांनी तुमची यादी वाचली आणि यादीत जे लिहिलं होतं त्यावर विश्वास ठेवला.

आज समाजात कुणीही सांगतो, "त्याचा धंदा चालला नाही, म्हणून नोकरीला लागला." हे खोटं आहे. तो धंदा चालत होता. लग्न जमवण्यासाठी तो बंद करावा लागला. माझी मुख्य तक्रार एवढीच आहे, आणि पुढचं सगळं तिच्यातूनच आलेलं आहे.

पहिल्यांदा तुमच्या अर्जाविषयी. मंडळाच्या अर्जात "नोकरी" या शब्दाखाली पाच रकाने आहेत: सरकारी, निमसरकारी, खाजगी, कायम/हंगामी, वार्षिक पॅकेज. "व्यवसाय" हा शब्द येतो तो "शेती/व्यवसाय/इतर" असा एका ओळीत, पुढे दोन बोटांची रिकामी जागा. तिथे भावाने लिहिलं होतं, "प्रिसिजन मशीनिंग वर्कशॉप, शिरोली एमआयडीसी, तीन कामगार." पुस्तिकेत छापून आलं, "लेथ." मेळाव्यात निवेदकांनी वाचलं, "शिरोलीत छोटासा लेथ आहे." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मी जाणते. पण एका खाजगी कंपनीतल्या ट्रेनीची ओळख त्यांनी कंपनीच्या नावासकट, शहरासकट, पॅकेजसकट करून दिली होती. तीन माणसांना रोजगार देणाऱ्या मुलाच्या वाट्याला "छोटासा" आला. पहिल्या रांगेत बसलेल्या आईची मान खाली गेली ती मी पाहिली.

दुसरं, मेळाव्याचा क्रम. सकाळी नोकरदार मुलं, जेवणानंतर "शेती व व्यवसाय". दुपारी तीनला निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, लांबची मंडळी गाडी पकडायला निघालेली असतात. हा क्रम कोणी आणि का ठरवला?

आणि हे तुम्ही त्या सभागृहात करता ज्याच्या दारात देणगीदारांचा संगमरवरी फलक आहे. मी त्या दिवशी तो उभं राहून वाचला. वरची सगळी नावं धंदेवाल्यांची आहेत. गुळाचे अडते, कापड दुकानदार, फाउंड्रीवाले, ट्रान्सपोर्टवाले. नावापुढे "उद्योजक" असं कोरलेलं आहे. यांच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी अठ्ठावीस वर्षांचा होता, भाड्याच्या जागेत होता, आणि त्याच्या नावावर ना घर होतं ना जमीन. तुमचा आजचा मुद्दा क्रमांक ४ तेव्हा असता, तर त्या फलकावरच्या किती जणांचा अर्ज घेतला असता? देणगी मागायला आपण ज्याच्या दारात जातो, त्याच्यासारखं व्हायला निघालेल्या पोराला आपण आपल्या दारात उभं करत नाही.

तिसरी तक्रार मुलींची, आणि ती मला स्वतःला लागते. मुलीच्या अर्जात "व्यवसाय" हा रकानाच नाही. "शिक्षण" आहे, "नोकरी असल्यास" आहे, "रंग" आहे. लग्नाआधी मला स्वतःचं हिशेबाचं ऑफिस काढायचं होतं. राजारामपुरीत एक खोली बघूनही ठेवली होती. घरातून उत्तर आलं, "सासरी गेल्यावर त्यांना विचारून कर." सासरी गेल्यावर पहिली दोन वर्षं विचारायचा धीर झाला नाही. मी आज जे काही करते ते स्वयंपाकघराला लागून असलेल्या टेबलावर करते. आपल्या समाजात मसाले करणाऱ्या, शिवणाचं युनिट चालवणाऱ्या, ब्यूटी पार्लरमध्ये चार मुली कामाला ठेवलेल्या किती जणी आहेत! त्यांची नोंद तुमच्या पुस्तिकेत "घरकाम" अशी होते. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं लिज्जत झालं. त्या सात जणींनाही तुमच्या अर्जात लिहायला जागा मिळाली नसती.

आता घराघरांतल्या वडीलधाऱ्यांशी बोलते, कारण मंडळाने "पालकांच्या आग्रहास्तव" असं लिहून जबाबदारी तुमच्यावर टाकली आहे.

तुमची भीती मला कळते. आमच्या आण्णांची भीती कुठून आली ते मला माहीत आहे. आजोबा लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर आले, आणि काही महिन्यांनी आजोबा एक पत्र्याची ट्रंक घेऊन गावी परतले. आण्णा तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्या वर्षी त्यांनी मनाशी ठरवलं की पेन्शन असेल अशीच नोकरी धरायची. धरली, निभावली, आम्हांला शिकवलं. मला त्याचा अभिमान आहे. पण आण्णा, काका, मामा, एक गोष्ट बघा. आजोबांचा धंदा बुडाला नव्हता, त्यांची पक्की नोकरी गेली होती. आणि तुम्ही जी पेन्शन डोळ्यांपुढे ठेवून मुलाला सरकारी नोकरी बघायला सांगता, ती तुमची जुनी पेन्शन १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना तशी मिळत नाही. तिच्याचसाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभरातले कर्मचारी संपावर गेले होते. खाजगीतल्या कायमपणाचं तर लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी पाहिलं. पुण्याहून सामानाचे टेम्पो भरून किती पोरं परत आली, ती कुणाच्या घरची होती?

तरीही आपल्या समाजात कुणाचा धंदा बुडाला की ती गोष्ट वीस वर्षं सांगितली जाते. "त्या अमक्याचं बघितलंस ना, पोल्ट्री टाकली आणि घर गेलं." माझ्या भावाला ही पोल्ट्री किमान चाळीस वेळा ऐकावी लागली. नोकरी गेलेल्या माणसाची गोष्ट मात्र कुणी उदाहरण म्हणून सांगत नाही. त्याला आपण म्हणतो, नशीब.

वेळेचा हिशेबही सारखा ठेवत नाही आपण. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदं होती आणि अर्ज आले दहा लाखांहून जास्त. माझा चुलतभाऊ त्यांतला एक. पुण्यात सदाशिव पेठेत कॉटभाडं, मेस, अभ्यासिका असं घरून पैसे मागवून सहा वर्षं अभ्यास करतो आहे. तो प्रामाणिकपणे करतो, त्याच्या कष्टाला मी नावं ठेवणार नाही. त्याला घराने सहा वर्षं दिली, कुणी हिशेब विचारला नाही, आणि "तयारी करतोय" म्हणून त्याला स्थळंही येतात. माझ्या भावाने पहिल्या महिन्यापासून घरात पैसे आणले, तरी सहाव्या महिन्यात त्याला विचारलं गेलं, "किती दिवस हा खेळ?"

आणि सहीची गोष्ट. व्हीएमसीच्या कर्जाच्या वेळी बँकेने सहकर्जदार म्हणून वडिलांची सही मागितली. घर तारण मागितलं नव्हतं, फक्त सही. आण्णा फॉर्म वाचत बसले, पेन उघडलं, परत टोपण लावलं. म्हणाले, "उद्या बघू." तो उद्या सात आठवड्यांनी आला, आणि तोही माझे यजमान सहीला तयार झाले म्हणून. तेवढ्यात बघून ठेवलेलं चांगलं मशीन दुसऱ्याने नेलं, भावाला जास्त वापरलेलं घ्यावं लागलं. आज सरकारकडे मुद्रा आहे, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे, छोट्या कर्जाला तारण लागू नये म्हणून हमी योजना आहे. या योजना तालुक्याला पोचल्या. बापाच्या हातातल्या पेनापर्यंत त्या पोचलेल्या नाहीत, आणि तिथवर सरकार पोचू शकत नाही. तिथे समाजच पोचतो. आण्णांनी पेनाला टोपण लावलं ते बँकेच्या भीतीने नाही. "उद्या चार लोक काय म्हणतील" या भीतीने. ते चार लोक आपणच.

आपण कोल्हापूरची माणसं. ज्या राजाने १८९५ मध्ये गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली, १९०६ मध्ये कापडाची गिरणी उभी केली, त्याच्या गावात मला हे लिहावं लागतंय. शाहू महाराजांची एक गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, तरी आज ती परत सांगते. गंगाराम कांबळे यांना अस्पृश्य म्हणून पाण्याला शिवल्याबद्दल मार खावा लागला. महाराजांनी त्यांना स्वतःचं हॉटेल काढायला सांगितलं, मदत केली. भाऊसिंगजी रोडवर हॉटेल निघालं, पण तिथला चहा प्यायला कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून चहा घ्यायचे, बरोबरच्या मंडळींनाही पाजायचे. गंगारामांचं दुःख आणि माझ्या भावाचं दुःख यांची बरोबरी मी करत नाही, ती होऊच शकत नाही. मी एवढंच बघते की धंद्याला पैशाबरोबर आणखी काय लागतं हे त्या राजाला कळलं होतं. लोकांच्या डोळ्यांत त्या धंद्याची पत लागते, आणि ती पत द्यायला ज्याचा शब्द चालतो त्याने स्वतः तिथे जाऊन उभं राहावं लागतं. लग्नाच्या बाजारात आज तुमचा शब्द चालतो. मंडळाकडे द्यायला भांडवल नसेल, पण पत आहे, आणि ती द्यायला एक रुपया लागत नाही.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी १९१० मध्ये उभी राहिली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिकवण्याची चांगली नोकरी करत होते. बढती डावलली गेली, ती सोडून ते बेळगावला सायकलच्या दुकानात आले. लोखंडी नांगर केले, तर लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी घेईनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांत घरातला थोरला माणूस, रामूअण्णा, पाठीशी होता. नंतर औंधच्या राजाने जागा दिली. माझ्या भावाच्या घरात थोरली मीच. मी पाठीशी होते. पण थोरल्या बहिणीची सही बँकेत आणि बैठकीत किती चालते, ते आपण सगळे जाणतो.

आता मागण्या. फार नाहीत.

मुद्दा क्रमांक ४ मागे घ्या. पगारपत्रकाच्या जागी "उत्पन्नाचा कोणताही एक पुरावा" असं लिहा. दोन वर्षांचं आयकर विवरणपत्र, जीएसटी विवरण किंवा बँकेचा खातेउतारा, यांतलं काहीही चालावं, नोकरदाराला आणि धंदेवाल्याला सारखंच. मुलीच्या आईवडिलांना खात्री हवी असते, त्यात गैर काही नाही. पण तीन महिन्यांच्या पगारपत्रकापेक्षा दोन वर्षांचं विवरणपत्र जास्त खात्री देतं. घर आणि जमिनीचा पुरावा मागायचा असेल तर दोघांकडूनही मागा, नाहीतर कुणाकडूनच मागू नका. चाकणला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला तो मागत नाही, मग शिरोलीत भाड्याची शेड असणाऱ्याला का?

पुस्तिका आणि मेळावा, दोन्हींत नावं आडनावाच्या क्रमाने घ्या. सकाळ-दुपार अशी वर्गवारी नको.

मुलींच्या अर्जात व्यवसायाचा रकाना घाला, आणि लग्नानंतर तो चालू ठेवायचा आहे का हेही विचारा. तसाच प्रश्न मुलाकडच्यांना विचारा: सुनेचा व्यवसाय चालू राहिलेला चालेल का? उत्तर छापा.

उमेदवाराने स्वतःच्या कामाचं वर्णन जसं लिहिलं असेल तसं छापा आणि तसंच वाचा. त्यात शब्द कापू नका, घालूही नका.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी इच्छुक पालकांना शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलला आपल्याच मुलामुलींची वर्कशॉप, दुकानं, युनिटं दाखवायला न्या. एक मिनी बस पुरेल. त्या बसचा खर्च मी आणि माझे यजमान देऊ.

पालकांकडे एकच मागणं. घर गहाण टाका असं मी कधीच म्हणणार नाही, टाकूही नका. पण ज्या मुलाला किंवा मुलीला तुम्ही परीक्षेसाठी चार वर्षं देता, त्याला धंद्यासाठी दोन वर्षं द्या. त्या दोन वर्षांत जेवणाच्या ताटावर तो विषय काढू नका. दर तीन महिन्यांनी हिशेबाची वही मागा, ती मागायचा तुम्हांला हक्क आहे. वही बघून बोला. पोल्ट्रीची गोष्ट सांगू नका.

मंडळाची वार्षिक सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. हे पत्र विषयपत्रिकेवर घ्यावं आणि मुद्दा क्रमांक ४ वर सभासदांचं मत हात वर करून घ्यावं, अशी रीतसर विनंती मी आजच पोस्टाने स्वतंत्रपणे पाठवली आहे. सभेला मी येणार आहे. भावाच्या वर्कशॉपच्या वह्या घेऊन येईन, पहिल्या लेथच्या पावतीपासून मशीन विकल्याच्या चलनापर्यंत. ज्यांना बघायच्या असतील त्यांनी चहाच्या वेळेत माझ्याजवळ यावं.

कळावे,
आपल्याच समाजाची एक मुलगी आणि मंडळाची आजीव सभासद,
कोल्हापूर